सातवा फर्मा

छापखान्यांच्या गल्लीत ज्याला सगळे ‘मोजदाद’ म्हणतात, तो बाइंडर माणूस म्हणून वाईट नाही, असं त्याची बायको सांगते. दुसरं कोणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. राग कायम त्याच्या नाकाच्या शेंड्यावर असतो आणि चष्मा कधीच नसतो. चष्मा खणात पडलेला असतो, कारण वाचायची वेळ त्याच्यावर येतच नाही आणि सुईत दोरा तो सवयीनं ओवतो. तीस वर्षं त्यानं पुस्तकं बांधली, त्यातलं एकही वाचलं नाही. याची त्याला लाज नाही, उलट अभिमान आहे. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तो काम शिकला त्याचा एकच नियम होता: टेबलावर आलेला कागद वाचायचा नाही, मोजायचा. वाचायला लागलेला बाइंडर कामातून गेला म्हणून समजा.

तर हा मोजायचा. छापखान्यातून आलेला मोठा कागद तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा होतो, त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे ओळीनं एकावर एक ठेवून शिवले, पाठीला खळ लावली, कडा कापल्या आणि पुठ्ठा चढवला की झालं पुस्तक. वाचनालयातली जुनी, खिळखिळी पुस्तकं आली की तो ती उसवायचा, फाटके फर्मे सांधायचा आणि पुन्हा शिवायचा. शिवण्याआधी दोनदा मोजायचा, शिवून झाल्यावर एकदा. घरी आलेलं पत्रसुद्धा तो आधी पानं मोजून मग बायकोच्या हातात देई. वाचनालयाचं काम तीस वर्षं त्याच्याकडे होतं ते या एका गुणावर. त्याच्याकडून गेलेलं पुस्तक पानं कमी म्हणून कधी परत आलं नव्हतं.

अशा माणसाच्या पोटी वाचणारी पोरगी यावी, याला काय म्हणणार? बरं, नुसती वाचणारी असती तर त्यानं कानाडोळा केला असता. ही योजना आखून वाचणारी. वय वर्षं चौदा, आणि बोलणं असं की पेन्शनीत निघालेली मुख्याध्यापिका. बाप तिला ‘मास्तरीणबाई’च म्हणायचा. वर्षाच्या पहिल्याच दिवशी तिनं दुकानातल्या कपाटाच्या दारावर एक भलामोठा तक्ता चिकटवला. बावन्न आठवडे, बावन्न पुस्तकं, सगळी वाचनालयाच्या कुमार विभागातली, तिच्याच वयाच्या पोरापोरींच्या गोष्टींची. प्रत्येक ओळीला एक अट: ‘समुद्र असलेलं एक.’ ‘तीनशे पानांच्या वरचं एक.’ ‘मुखपृष्ठ अजिबात न आवडलेलं एक.’ ‘ज्यातली मुलगी माझ्यापेक्षा शहाणी आहे असं एक.’ ही शेवटची ओळ वाचून तिची आई म्हणाली, ‘ते काही या वर्षात मिळायचं नाही.’

पुस्तक संपलं की त्या ओळीवर हिरवा ठिपका लागायचा. हा ठिपका बाइंडिंगच्या कापडाचा. कापड बापाचं, कात्री बापाची, खळही बापाचीच. कात्रीची धार गेली तेव्हा बापाला हे कळलं.

‘ही कात्री कापडाची आहे, मास्तरीणबाई. ठिपक्यांची नाही.’

‘ठिपके कापडाचेच आहेत, बाबा.’

आई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काउंटरवर बसायची, ती सातला सुटायची. त्यामुळे पोरगी शाळेतून चारला थेट दुकानात यायची आणि कटिंग मशीनच्या मागं, कागदाच्या गठ्ठ्यांवर बैठक मारायची. गप्प बसून वाचलं असतं तर कोणाचं काय जात होतं? पण दर पाच मिनिटांनी, ‘बाबा, ऐका ना.’ मग ती कुठल्या तरी कादंबरीतल्या कुठल्या तरी पोरीनं काय केलं ते सांगायची. बाबा टाके मोजत असायचे. ‘सतरा, अठरा... गप! चुकलं ना!’ आणि पुन्हा पहिल्यापासून. वर तक्रारी होत्याच.

‘बाबा, तुम्ही बांधलेलं पुस्तक मधोमध उघडं राहत नाही. धरून धरून हात दुखतो.’

‘पुस्तक बंद राहावं म्हणून बांधतात.’

या एका वाक्यावर ती दोन दिवस बोलली नाही. ते दोन दिवस फार सुखाचे गेले, असं तो नंतर सांगायचा.

सुख टिकत नाही. एकतिसाव्या ओळीची अट होती: ‘बाबांबरोबर एक.’ आईबरोबरची ओळ केव्हाच हिरवी झाली होती. आईनं पेशंट आणि पेशंटच्या मधे वाचून पुस्तक संपवलं होतं आणि शेवट आवडला नाही म्हणून लेकीशी भांडलीही होती. आता पोरगी बापाच्या मागं लागली. सकाळी दात घासताना, डबा भरताना, दुकानात खळ ढवळताना. ‘बाबा, कुठलं घ्यायचं? घाबरवणारं चालेल? रडवणारं?’ त्याच्या नाकी नऊ आले. शेवटी भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात तशी त्याची गत झाली.

‘हे बघ,’ तो ओरडलाच, ‘अख्खं पुस्तक माझ्यानं या जन्मी व्हायचं नाही. फार तर एक फर्मा. सोळा पानं. त्यावर एक ओळ नाही!’

त्याला वाटलं, ही हिरमुसेल आणि नाद सोडेल. ती गठ्ठ्यावरून उडीच मारून उतरली. ‘चालेल!’

त्याच सुमारास वाचनालयातून कुमार विभागाची एकेचाळीस पुस्तकं बांधायला आली होती. गणपतीची सुट्टी लागायच्या आत ती परत हवी होती, कारण सुट्टीत पोरांची तिथं रांग लागते. पुस्तकं उसवून टेबलावर फर्म्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. हात धुऊन, एका वेळी एकच फर्मा उचलायचा आणि वाचून झाला की जागेवर ठेवायचा, या बोलीवर त्यानं पोरीला त्यातलं वाचू दिलं होतं, तेवढीच शांतता. ती एका ट्रकवाल्याच्या मुलीची गोष्ट वाचत होती. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं त्या पुस्तकाचा सातवा फर्मा बापासमोर ठेवला. वर एक चिठ्ठीही खोचलेली आणि तोंडी सूचना वेगळ्या.

‘हा तुमचा. मी हा संपेपर्यंत वाचलंय. यातलं सगळं तुम्हाला कळेल, मागचं मी सांगते. ट्रक बापाचा आहे, मुलगी पंधरा वर्षांची आहे, बापाला बरं नाहीये आणि घाट आहे. एवढंच. आणि बाबा, वाचून झाला की शिवायच्या आधी आठवणीनं परत लावा.’

‘आता तू मला शिकव.’

‘वाचा हं, पण.’

‘हं.’

त्यानं फर्मा उचलला आणि खणात टाकला, चष्म्याच्या घराखाली. चष्म्याजवळ असला म्हणजे वाचला जाईल, असा त्यामागचा विचार असावा. तेवढ्यात वाचनालयातून ग्रंथपाल बाईंचा फोन आला की पुस्तकं सोमवारी नको, शुक्रवारीच द्या. मग जी धांदल उडाली ती काय सांगावी. चार दिवसांत एकेचाळीस पुस्तकं शिवून, कापून, पुठ्ठे चढवून त्यानं हातगाडीवर रचली. रोज चार वाजता पोरगी विचारायची, ‘वाचलंत?’ आणि तोंडात दोरा धरलेला बाप म्हणायचा, ‘हं.’

‘मग? कसं वाटलं?’

‘चांगलं आहे.’

‘कुठं येऊन थांबलंय?’

‘थांबलंय तिथं थांबलंय. काम करू दे!’

पोरगी त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग गठ्ठ्यावर जाऊन बसली. पुस्तकं गेली. एकतिसावी ओळ कोरीच राहिली. तक्त्याचा नियम ओळीनं जायचा, त्यामुळे बत्तिसावीही कोरी, तेहतिसावीही कोरी. पोरगी जुनीच पुस्तकं पुन्हा वाचत बसायची. आणि रोज, शाळेचं दप्तर टेकवता टेकवता, एकदा विचारायची, ‘वाचलंत?’ बापाला मात्र गंमत वाटायला लागली.

‘काय मास्तरीणबाई, गाडी अडली वाटतं? बावन्नचा डोंगर जरा उंच पडला का?’

ती वाचलेल्याच पुस्तकाचं पान उलटायची.

तीन आठवड्यांनी ग्रंथपाल बाईंनी त्याला बोलावून घेतलं. ही बाई कधी आवाज चढवत नाही, म्हणून तिची सगळ्यांना भीती वाटते. टेबलावर ट्रकवाल्याच्या मुलीचं पुस्तक होतं.

‘एका मुलानं परत आणून दिलं,’ बाई म्हणाल्या. ‘शहाण्णव पानानंतर एकदम एकशे तेरा. मधली सोळा पानं नाहीत. या पुस्तकासाठी अजून सात मुलं नावं लावून बसलीत.’

‘फाडली असतील तुमच्या पोरांनी.’

‘फाडली असती तर तुकडा राहिला असता. दोरा बघा. अखंड आहे, नवा आहे आणि तुमचाच आहे.’

दोरा बघायची गरज नव्हती, तो त्याला लांबूनही ओळखू आला होता. पण तोवर डोकं फिरलं होतं. आजूबाजूला दोन पेन्शनर वर्तमानपत्रं वाचत होते, शिपाई स्टुलावर होता, सगळ्यांनी माना वर केल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं तो गरजला, ‘तीस वर्षांत माझ्या हातून फर्मा सुटला नाही! हा माझ्या हातून सुटला असेल तर तुमच्या पुस्तकाला पुन्हा हात लावणार नाही. घ्या लिहून!’

‘लिहून कशाला घेऊ?’ बाई म्हणाल्या. ‘सगळ्यांनी ऐकलंय.’

पुस्तक काखोटीला मारून तो रस्ताभर पुटपुटत दुकानात आला. वाचनालयाचं काम गेलं तर उरणार काय, तर शाळांची हजेरीबुकं आणि हिशेबाच्या वह्या. आणि गल्लीत नाव ‘मोजदाद’! लोक दात काढून हसतील. कोणीतरी फर्मा नेला, आणि टेबलावरचे फर्मे उचलून नेणारं दुकानात एकच माणूस होतं. ते गठ्ठ्यावर पाय हलवत बसलं होतं.

‘तुझं हे वाचन!’ दारातूनच तो सुरू झाला. ‘झाली ना माझी शोभा! पानं उचलून घरी नेतेस आणि तिथंच टाकतेस! सोळा पानं गायब आहेत, सोळा!’

‘मी घरी नाही नेली, बाबा. कुठल्या पुस्तकाची?’

तिनं पुस्तक पाहिलं. ‘सातवा फर्मा ना? अहो, तो तर...’

‘एक शब्द बोलू नकोस! योजना म्हणे! तक्ते म्हणे!’ आणि त्यानं कपाटाच्या दारावरचा तक्ता धरून ओढला. खळ उत्तम होती, त्यामुळे तो निम्मा निघाला आणि निम्मा दारावरच राहिला. हिरवे ठिपके भुईवर पडले. ‘उद्यापासून दुकानात यायचं नाही.’

पोरगी रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं दप्तर घेतलं आणि बाहेर पायरीवर, त्याच्याकडे पाठ करून, आईची वाट बघत बसली. आई यायला अजून तीन तास होते.

राग तसाच होता, पण आता ओरडायला कोणी नव्हतं. पुस्तक बघायला हवं होतं. शहाण्णव आणि एकशे तेरा खरंच लागोपाठ आहेत का, बाईला आकडे तरी नीट दिसतात का. आकडे बारीक होते. त्यानं चष्म्यासाठी खण उघडला.

चष्म्याच्या घराखाली सातवा फर्मा होता. चिठ्ठीसकट. ‘बाबांचा. सोळा पानं. ओळ ३१.’

मोजदाद स्टुलावर बसला. आधी त्याला चिठ्ठीचाच राग आला. मग मोजणीची आठवण झाली. त्यानं मोजलं होतं, अगदी नियमानं मोजलं होतं. दोनदा आधी, एकदा नंतर, आणि तिन्ही वेळा तेरा फर्मे भरले होते. ते चौदा भरायला हवेत हे जुन्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं होतं, आणि जुना पुठ्ठा त्या धांदलीत केरात गेला होता. तीनदा मोजून चुकणारा बाइंडर गल्लीत दुसरा झाला नसेल. त्याला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. पायरीकडे बघवेना.

डोक्यात एक पळवाटही आली. फर्मा गुपचूप शिवून टाकावा आणि बाईंना सांगावं, छापखान्यातून जादा प्रत मिळवली. कोणाला कळणार होतं? एकीला कळणार होतं. ती पायरीवर बसली होती.

‘आहे तरी काय एवढं यात,’ असं करवादून त्यानं चष्मा चढवला आणि सत्त्याण्णवावं पान वाचायला घेतलं.

सवय नव्हती. बोट ओळीवरून पुन्हा पुन्हा घसरत होतं. शंभराव्या पानावर ट्रकवाला बाप मुलीवर खेकसत होता की गप्प बस, मला काही झालेलं नाही. ‘झालंय की, डोळे बघ तुझे,’ बाइंडर मोठ्यानं म्हणाला आणि कोणी ऐकलं का म्हणून दाराकडे पाहिलं. एकशे चारवर बाप स्टिअरिंगवर कोसळला. एकशे पाचवर पोरीनं त्याला बाजूला सरकवायचा प्रयत्न केला, तो हलेना. मग ती त्याच्या मांडीवरच बसली आणि चाक धरलं. मागं अकरा टन लोखंड, पुढं उतार. बाइंडरचा थोरला भाऊ ट्रकवर होता, त्यामुळे त्याला गप्प बसवेना. ‘नुसता ब्रेक काय दाबतेस? गिअर! गिअर खाली आण!’ पोरगी कसली ऐकते. कुठलीच ऐकत नाही. एकशे बाराव्या पानाच्या तळाला वळण आलं, समोरून दिवे आले, आणि तिनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला आणि

त्यानं पान उलटलं. पान नव्हतंच. फर्मा संपला होता.

घड्याळात साडेपाच वाजले होते. बांधलेलं पुस्तक समोर होतं, एकशे तेरावं पान त्यात होतं, हात पुढं गेलाही. पण तो तसाच मागं घेतला. आधी जे करायचं ते करायला हवं होतं. त्यानं पुस्तक आणि फर्मा घेतला आणि बाहेर आला.

‘चल,’ तो पोरीला म्हणाला.

‘कुठं?’

‘नाक घासायला.’

वाचनालयात दोन्ही पेन्शनर अजून होते. वर्तमानपत्र कितीही मोठं असलं तरी इतका वेळ लागत नाही, पण असो. शिपाईही होता. मोजदादनं सातवा फर्मा बाईंच्या टेबलावर ठेवला. ‘माझ्या खणात होता. पोरीनं मला वाचायला दिला होता. मी वाचला नाही आणि परतही लावला नाही. चूक माझी.’ शेवटचे दोन शब्द त्यानं असे म्हटले की शिपायाला वाटलं, हा कोणावर तरी रागावलाय.

बाईंनी चिठ्ठी वाचली आणि पोरीकडे पाहिलं. पोरगी जमिनीकडे बघत होती.

‘तुमच्या शब्दाप्रमाणे आता आमच्या पुस्तकाला तुम्ही हात लावायचा नाही,’ बाई म्हणाल्या.

‘नाही लावणार.’

‘मग हे कोण शिवणार? सात मुलं थांबलीत.’ बाईंनी पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. ‘बरं झालं, मी लिहून घेतलं नाही. उद्या अकरापर्यंत द्या. आणि मोजून.’

एक पेन्शनर हसला. मोजदादनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं वर्तमानपत्र वर धरलं. सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

बाहेर आल्यावर दोघं दुकानाकडे निघाली. पोरगी चार पावलं पुढं. माफी मागायची कशी, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. म्हाताऱ्या उस्तादाला तर मुळीच येत नव्हतं. शेवटी तो मागूनच म्हणाला, ‘तक्ता चिकटवू परत. मागून कापड लावून देतो. कळणारही नाही फाटलाय ते.’

‘हं,’ ती म्हणाली. अगदी त्याच्यासारखं.

अजून दहा पावलं गेली. मग त्याला राहवेना.

‘त्या पोरीनं ब्रेक दाबला, तो लागला का?’

ती थांबली आणि वळली. ‘वाचलंत?’

‘वाचलं, वाचलं. दिवे आले समोरून. लागला का ब्रेक?’

‘मला काय माहीत?’

‘माहीत नाही म्हणजे? तू तर पुढं वाचलंयस!’

‘नाही वाचलं. एकशे बारालाच थांबलेय. पुढचं दोघांनी मिळून वाचायचं होतं ना. बाबांबरोबर एक.’

मोजदाद रस्त्यातच उभा राहिला. मागून आलेल्या सायकलवाल्यानं घंटी वाजवली, शिवीही दिली. त्याला पत्ता नव्हता. कोऱ्या ओळी त्याच्या डोळ्यांसमोर आल्या. एकतीस, बत्तीस, तेहतीस. डोंगर उंच पडला का म्हणून तो हसला होता.

‘तीन आठवडे?’ तो ओरडला. ‘अगं, समोरून दिवे आलेत, पोरगी चाकावर, बाप आडवा, आणि तू तीन आठवडे तशीच बसून राहिलीस? मला एका शब्दानं सांगता येत नव्हतं?’

‘रोज विचारत होते की, बाबा.’